औषधातला कण की रंगातला कण?

वाचकाचे पत्र

"माझे वय अठ्ठावीस. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे घर आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून गेली साडेचार वर्षे मी एका विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. लोहऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नॅनोकणांवर कर्करोगाचे औषध बसवायचे आणि चुंबकाच्या साहाय्याने ते गाठीपर्यंत न्यायचे, असा माझा विषय आहे. माझी मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेली. केमोथेरपीने झालेले तिचे हाल मी जवळून पाहिले आणि तेव्हाच हा विषय घ्यायचे ठरवले. दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत, प्रबंधाची चार प्रकरणे लिहून झाली आहेत, दोन राहिली आहेत. फेलोशिप मार्चअखेर संपते. मध्यंतरी चाकणजवळच्या एका रंग व लेप बनवणाऱ्या कंपनीने मला नोकरी देऊ केली. झिंक ऑक्साइड आणि सिलिकाचे नॅनोकण रंगात एकसारखे पसरवण्याचे काम आहे आणि दोन महिन्यांत रुजू व्हा, असे ते म्हणतात. गाइड सर म्हणतात, परदेशी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, अर्ज करा. बाबा म्हणतात, आता तरी पगार सुरू व्हावा. मला मात्र वाटते, की रंगाच्या कारखान्यात गेले तर मावशीसाठी धरलेली वाट सोडल्यासारखे होईल. आपल्याकडे औषधाच्या नॅनोसंशोधनाला भविष्य आहे का? मी काय करावे?"

— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही थेट प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तरही आधी थेट देते. नोकरी स्वीकारा, मात्र प्रबंध विद्यापीठात सादर केल्याशिवाय रुजू होऊ नका. कंपनी तेवढे थांबायला तयार नसेल, तर ही नोकरी सोडून द्या आणि प्रबंध पूर्ण करा. या दोन वाक्यांमागची कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण नोकरीची नाही, मावशींची आहे.

तुमच्या मावशींना केमोथेरपीत लाल रंगाचे औषध दिले गेले असण्याची बरीच शक्यता आहे. स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध कित्येक वर्षे वापरात आहे. त्याचा सगळ्यांत मोठा धोका असा, की ते गाठीबरोबर हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते. हेच औषध सुमारे शंभर नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आकाराच्या स्निग्ध कुपीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून दिले तर हृदयावरचा मारा कमी होतो, हे सिद्ध झाले आणि १९९५ मध्ये अमेरिकेत 'डॉक्सिल' या नावाने त्याला परवानगी मिळाली. नॅनोकणांतून दिल्या जाणाऱ्या औषधांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा येथूनच केली जाते. पण या तारखेच्या मागे जाऊन पाहा. लायपोसोमचे वर्णन ब्रिटनमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकातच केले होते. म्हणजे एका कुपीची कल्पना सुचल्यापासून ती रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत जवळपास तीस वर्षे गेली, आणि त्या वर्षांत किती प्रबंध लिहिले गेले असतील याची कल्पना तुम्हालाही करता येईल. त्यांतल्या कोणत्याही एका प्रबंधाने औषध तयार झाले नाही. शिवाय डॉक्सिलने मिळवलेले यश नेमके कोणते, तेही लक्षात घ्या. त्याचा मोठा लाभ औषध सुसह्य झाले हा होता. आजार जादूने नाहीसा झाला असे घडले नाही, आणि तळहात-तळपायांची आग होण्याचा एक नवा त्रासही त्याबरोबर आला. मावशींचे हाल पाहून तुम्ही या विषयाकडे वळलात, म्हणून सांगते, की हाल कमी करणे हे उद्दिष्ट लहान मानू नका. या क्षेत्राने आजवर जे खरोखर साधले आहे, त्याचा बराच भाग त्यातच मोडतो.

आता तुमच्या कणाबद्दल. हे वाचताना तुम्हाला वाईट वाटेल, पण न सांगणे ही तुमच्याशी केलेली प्रतारणा ठरेल. गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल असतात, त्यामुळे लहान कण तेथे आपोआप झिरपून साठतात, हे तत्त्व जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले आणि पुढची तीस वर्षे या क्षेत्रातल्या बहुतेक प्रस्तावांचे पहिले पान त्याच तत्त्वावर उभे राहिले. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने त्याआधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. उरलेल्यांतला मोठा वाटा यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. चुंबकाने ओढून नेण्याचा उपाय उंदराच्या कातडीखालच्या गाठीत छान चालतो, कारण तेथे अंतर काही मिलिमीटरांचे असते. माणसाच्या शरीरात खोलवर असलेल्या गाठीपर्यंत जाताना चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. तुमचे काम चुकले आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. तुमचा प्रबंध एका मोठ्या भिंतीतली एक वीट आहे, आणि वीट पक्की भाजलेली असणे एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे. मावशींना दिलेला शब्द एका कणात अडकवून ठेवलात, तर तो शब्द आणि तो कण या दोघांवरही अन्याय होईल.

लोहाचा नॅनोकण औषध म्हणून आपल्या अगदी शेजारी पोहोचला आहे, हे तुमच्या ध्यानात आले आहे का? तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि रक्त कमी असलेल्या गरोदर बाईंना शिरेतून दिल्या जाणाऱ्या आयर्न सुक्रोजची तपकिरी बाटली पाहा. लोहाच्या संयुगाचा अतिसूक्ष्म गाभा आणि त्याभोवती साखरेचे वेष्टण, असा तो कण असतो. नुसते लोह रक्तात सोडले तर घातक ठरते, वेष्टणामुळे ते सावकाश सुटते. त्याचाच एक भाऊबंद, फेरुमॉक्सिटॉल, हा तर थेट लोहऑक्साइडचा कण आहे आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी त्याला अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली. या औषधांच्या बाबतीत एक गोष्ट फार बोलकी आहे. तेच लोह आणि तीच साखर घेऊन दुसऱ्या कारखान्यात बनवलेला कण शरीरात हुबेहूब तसाच वागेल, असे गृहीत धरता येत नाही, म्हणून नियामक संस्था अशा औषधांच्या प्रतिकृतीसाठी साध्या गोळीच्या जेनेरिकपेक्षा अधिक पुरावा मागतात. साध्या औषधात रेणू ओळखला की औषध ओळखले. नॅनो-औषधात मात्र ते कसे बनवले, कोणत्या तापमानाला, किती वेगाने ढवळून, कोणत्या क्रमाने, हेही औषधाचाच भाग होऊन बसते.

तुमच्या साऱ्या पत्राला माझे उत्तर येथे दडलेले आहे. आपल्या क्षेत्रात नवा कण शोधणारे पुष्कळ आहेत. तोच कण उद्या, परवा आणि सहा महिन्यांनी, वेगळ्या माणसाच्या हातून, शंभरपट मोठ्या भांड्यात जसाच्या तसा बनवून दाखवणारे फार थोडे आहेत, आणि औषध असो वा रंग, शेवटी अडते ते याच माणसापाशी.

हे मी अनुभवावरून सांगते. उमेदीच्या काळात मीही लोहऑक्साइडवरच काम करत होते. लोहाच्या क्षारांच्या द्रावणात अमोनिया घालून कण पाडायची ती पद्धत तुम्हाला तोंडपाठ असेल. शंभर मिलिलीटरच्या चंबूत वर्षभर माझे कण सुरेख येत होते, टीईएमची, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, चित्रे देखणी होती, निबंधही छापून आला. मग एका उद्योगाने पाच लिटर नमुना मागितला आणि त्याच पद्धतीने केलेल्या पहिल्याच घाण्यात गाळ बसला. चार महिने मी क्षार बदलले, पाणी बदलले, तापमान बदलले. अखेरीस कारण सापडले ते माझ्याच लॅब नोटबुकात. तेथे मी लिहिले होते, 'अमोनिया हळूहळू घातला'. हळूहळू म्हणजे मिनिटाला किती मिलिलीटर, ते कोठेही नव्हते. लहान चंबूत ढवळणारा चुंबक थेंब क्षणात सगळीकडे नेत होता, मोठ्या भांड्यात मात्र थेंब पडेल तेथे सामू एकदम चढत होता आणि कण एकमेकांना चिकटून वाढत होते. पंप लावून वेग ठरवला, थेंबाची जागा पात्याजवळ आणली, आणि कण पुन्हा जागेवर आले. तो धडा मला निबंधातून मिळाला नाही, कारखान्याच्या मागणीतून मिळाला. त्यानंतर मी आयुष्यभर ज्या ज्या विद्यार्थ्याची वही तपासली, तिच्यात 'थोडे', 'हळूहळू' आणि 'रात्रभर' या तीन शब्दांवर लाल रेघ मारत आले.

तुम्ही आठवून पाहा, २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, महाराष्ट्रात काय अवस्था झाली होती. अँफोटेरिसिन-बी या बुरशीनाशक औषधाच्या इंजेक्शनसाठी रुग्णांची मुले रात्रभर दुकाने आणि जिल्हाधिकारी कार्यालये पालथी घालत होती. साधे अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला फार त्रास देते, म्हणून लायपोसोममधले अँफोटेरिसिन हवे होते. आणि हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असेही नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केलेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोममधले अँफोटेरिसिन-बी विकसित करून १९९३ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. अडले ते उत्पादनापाशी. शुद्ध स्निग्ध द्रव्यांचा पुरवठा, निर्जंतुक वातावरणात एकाच आकाराच्या कुप्या घडवणारी यंत्रणा आणि ती चालवणारी प्रशिक्षित माणसे रातोरात वाढवता येत नाहीत. त्या वेळी एखाद्या नव्या कणाचा शोध लागला असता तरी एकही रुग्ण वाचला नसता. लायपोसोमचे घाणे दुप्पट करू शकणारे पन्नास अनुभवी लोक अधिक असते, तर मात्र पुष्कळ डोळे आणि पुष्कळ जीव वाचले असते, असे मला अगदी मनापासून वाटते.

म्हणून रंगाच्या कारखान्याकडे तुच्छतेने पाहू नका. तेथे तुम्ही काय शिकाल, ते सांगते. दहा नॅनोमीटरच्या लोहऑक्साइडच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग शंभर चौरस मीटरहून अधिक, म्हणजे साधारण बाराशे चौरस फुटांच्या सदनिकेइतका भरतो. चमचाभरही नसलेल्या भुकटीला एवढा पृष्ठभाग असेल, तर तिचे कण एकमेकांना बिलगण्यासाठी सदैव आतुर असणारच. त्यांना सुटे ठेवणे, त्यासाठी योग्य वेष्टण निवडणे, झीटा पोटेन्शिअल (कणाभोवतीच्या विद्युतभाराचे माप) सांभाळणे, क्षार वाढले की काय होते ते पाहणे, हा रंगाच्या डब्यातला प्रश्न आहे आणि रक्तातलाही हाच आहे. रक्तात त्यात प्रथिनांची भर पडते, ती कणाला येऊन चिकटतात आणि त्याचे रूपच पालटून टाकतात. पण ज्या माणसाने दोनशे लिटरच्या पिंपात वर्षभर न बसणारे झिंक ऑक्साइड बनवले आहे, तो रक्तातल्या प्रश्नाकडे जास्त जाणतेपणाने पाहतो. कच्चा माल दर वेळी थोडा वेगळा येतो, पावसाळ्यात हवेतला दमटपणा भुकटीत शिरतो, कामाची पाळी बदलली की ढवळण्याचा वेळ बदलतो. या साऱ्यांशी विद्यापीठात तुमची गाठ पडणार नाही.

उद्योगातून लोकोपयोगी काम झाल्याची उदाहरणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. पुण्याच्या टाटा संशोधन विकास व संरचना केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून पाणी गाळण्याचा 'सुजल' हा स्वस्त फिल्टर तयार झाला. पुढे त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आला, आणि वीज वा नळाचा दाब नसलेल्या घरांतही तो चालत होता. मद्रासच्या आयआयटीत टी. प्रदीप यांच्या गटाने आधी पाण्यातली कीटकनाशके काढणारे नॅनोकण फिल्टर कंपन्यांपर्यंत नेले आणि नंतर लोहावर आधारित पदार्थाने आर्सेनिक काढण्याचे तंत्र गावांपर्यंत पोहोचवले. दूषित पाण्याने होणारे आजार टाळणे हेही आरोग्याचेच काम आहे.

येथे मनातली एक खंतही सांगते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी व वनस्पतींच्या अर्कातून धातूंचे नॅनोकण बनवण्याचे काम सुरू केले, आणि २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळवल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यामागे कोणता रेणू काय करतो याचा शोध घेण्याची जिद्द होती. त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत फक्त पान बदलून चांदीचे कण केले गेले. तुळस झाली, कडुनिंब झाला, शेवगा झाला. प्रत्येकाचा निबंध झाला, पण पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या पानांनी तेच कण येतील का, हे फारसे कोणी तपासले नाही, कारण पानातली रसायने ऋतूगणिक बदलतात. मुलांची उमेदीची वर्षे अशी खर्ची पडलेली पाहून मला फार दुःख होते, आणि म्हणूनच पुनरावृत्तीचा हा मुद्दा मी तुमच्यापाशी इतका लावून धरते आहे.

आता प्रबंधाकडे वळू. राहिलेल्या दोन प्रकरणांसाठी नवा पदार्थ हाती घेऊ नका, गाइड सरांनी सुचवला तरी नम्रपणे नको म्हणा. त्याऐवजी तुमचा सर्वांत चांगला कण पुन्हा तीन वेळा बनवा. पहिला घाणा तुमच्या हाताने, दुसरा केवळ तुमची वही वाचून एखाद्या कनिष्ठ विद्यार्थिनीच्या हाताने, तिसरा दहापट आकारमानात. तिन्ही घाण्यांतल्या कणांचा आकार, झीटा पोटेन्शिअल आणि औषध धरून ठेवण्याची क्षमता शेजारी शेजारी मांडा, आणि फरक आला तर तो लपवू नका, कारण त्या फरकाची कारणमीमांसा हेच तुमचे सहावे प्रकरण होऊ शकते. टीईएमसाठी पवईच्या आयआयटीतल्या विश्लेषण सुविधेकडे नमुने पाठवणार असाल तर आजच नोंदणी करा, तेथे क्रमांक लागायला वेळ लागतो. आणखी एक तपासणी बहुतेक रसायनशास्त्रज्ञ विसरतात, ती म्हणजे एंडोटॉक्सिनची. जिवाणूंच्या आवरणाचे हे अवशेष साध्या पाण्यातून आणि काचेच्या भांड्यांतून कणांवर येऊन बसतात, ऑटोक्लेव्हमधल्या वाफेनेही जात नाहीत, आणि पेशी मेल्या त्या औषधाने की या अवशेषांनी, हे मग सांगता येत नाही. तुमच्या दोन निबंधांत ही तपासणी नसेल, तर प्रबंधात अवश्य घाला. तोंडी परीक्षेत जाणकार परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारील.

कंपनीशी बोलताना काही गोष्टी लेखी घ्या. रुजू होण्याची तारीख प्रबंध सादर झाल्यानंतरची असावी. अर्धा प्रबंध मागे ठेवून पाळीच्या नोकरीत गेलेल्या बुद्धिमान मुलांची प्रकरणे वर्षानुवर्षे फायलीत पडलेली मी पाहिली आहेत, आणि विद्यापीठाची मुदत संपली की पाच वर्षांचे श्रम वाया जातात. सेवा-कराराची मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असेल तर कमी करून मागा. तुमच्या कामावर पेटंट घेतले गेले तर संशोधक म्हणून तुमचे नाव लागेल का, हे विचारा, कारण पुढे औषध उद्योगात जाताना निबंधांच्या जागी तीच तुमची ओळख ठरेल.

सुरक्षेचा प्रश्न मात्र पगाराच्याही आधी विचारा. नॅनोकण द्रावणात असतात तोवर धोका आटोक्यात असतो, पोते फाडून कोरडी भुकटी पिंपात ओतली जाते तेव्हा तो खरा असतो. लांबट कार्बन नॅनोनळ्या उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखी इजा करतात, हे २००८ मध्येच दिसून आले. टायटॅनियम डायऑक्साइडचा खाद्यरंग म्हणून वापर युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंद केला. झिंक ऑक्साइड आणि सिलिका त्या मानाने परिचित पदार्थ आहेत, परंतु परिचयाने निष्काळजीपणा येतो. भुकटी हाताळायच्या जागी हवा ओढून गाळणारी यंत्रणा आहे का, कामगारांना केवळ कापडी मास्क देतात की योग्य गाळणीचा मुखवटा, धुतलेले पाणी कोठे जाते, हे प्रत्यक्ष कारखाना पाहून ठरवा. कारखाना दाखवायला टाळाटाळ झाली, तर माझा सल्ला बदलतो. मग जाऊ नका. आणि रुजू झालात, तर पोती ओतणाऱ्या कामगारांसाठी हे प्रश्न विचारत राहण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, कारण त्या भुकटीत काय आहे ते त्या खोलीत सर्वांत जास्त तुम्हाला कळत असेल.

दुसरी जबाबदारी दाव्यांची. नॅनो युरियाचे उदाहरण तुमच्या सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनाही माहीत आहे. २०२१ मध्ये तो बाजारात आला तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली पंचेचाळीस किलोच्या गोणीची जागा घेईल, असे सांगण्यात आले. पुढे पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतप्रयोगांत गहू आणि भाताचे उत्पादन घटल्याचे निष्कर्ष आले आणि वाद अजूनही शमलेला नाही. पानावर फवारलेल्या थेंबातून किती ग्रॅम नत्र मिळणार, हा साधा हिशेब ज्यांनी मांडला त्यांना सुरुवातीलाच शंका आली होती. तुमच्या कंपनीने एखाद्या डब्यावर 'जंतुनाशक' असे छापायचे ठरवले, तर आकडे तुमच्याकडून मागितले जातील. जेवढे मोजले असेल तेवढ्यावरच सही करा.

पोस्टडॉकबद्दल गाइड सरांचे म्हणणे चुकीचे नाही, घाईचे आहे. औषधाच्या दिशेने जायचे असेल तर एखाद्या चांगल्या गटात दोन वर्षे काढणे फार उपयोगाचे ठरते, पण तेथे नुसते आणखी एक पीएच.डी. करायला जाऊ नका. दोन वर्षे कारखान्यात काढल्यावर तुम्ही नेमके काय शिकायचे आहे ते ठरवून जाल, आणि तेव्हाही तुमचे वय एकतीस-बत्तीसच असेल. देशांतर्गत राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची वयोमर्यादा साधारण पस्तीस वर्षांची आहे, तेवढी तारीख डोळ्यांसमोर ठेवा. बाबांचे म्हणणेही कमी लेखू नका. २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप महिना ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली असली, तरी ती वेळेवर येतेच असे नाही, आणि ती थांबल्यावर घर कसे चालते हे त्यांनी पाहिलेले असणार. मुलीच्या पगाराची वाट पाहणारा बाप तिच्या विज्ञानाच्या विरोधात नसतो.

भविष्याचा प्रश्न शेवटी घेतला, कारण त्याचे उत्तर आता सोपे होते. करोनाच्या एमआरएनए (पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणाऱ्या रेणूच्या) लशी शरीरात पोहोचवल्या त्या स्निग्ध नॅनोकणांनीच. आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि ती साध्या शीतकपाटात, दोन ते आठ अंश तापमानाला टिकणारी होती. हे काम करणाऱ्या माणसांत रसायनशास्त्रज्ञ, औषधनिर्माते, अभियंते असे सगळे लागतात, आणि ज्याला घाणा मोठा करता येतो त्याला तेथे मोठा मान असतो. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतली बाइंड थेरप्युटिक्स ही कंपनी या क्षेत्रातल्या नामवंत शास्त्रज्ञांनी उभी केलेली होती, तरी २०१६ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणजे भविष्य आहे, पण ते कोणालाही हमी देत नाही.

परतीची वाट उघडी ठेवायची असेल तर तीन गोष्टी आतापासून करा. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, ती पेन्सिल हातात घेऊन वाचा. नियामकाला काय विचारायचे असते, ते कळले की तुमच्याच निबंधांतल्या उणिवा तुम्हाला दिसू लागतील. वर्षातून दोनदा तरी कर्करोगावर उपचार करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांना भेटा आणि रुग्ण कोणत्या त्रासाने उपचार अर्धवट सोडतात, एवढेच विचारा. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी होणारी खुली व्याख्याने यासाठी चांगले निमित्त आहेत. आणि पुढे स्वतःचे काही उभे करावेसे वाटले, तर बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेच्या 'बिग' योजनेतून पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते, त्यासाठी पुण्यात रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये मार्गदर्शन होते.

आज कंपनीला एवढेच लिहा, की आपण देऊ केलेले काम मला आवडले आहे, माझा प्रबंध अमुक तारखेला सादर होत आहे, त्यानंतर पंधरा दिवसांनी मी रुजू होऊ शकते, आणि त्याआधी एक दिवस कारखाना पाहायला यायची माझी इच्छा आहे. उत्तर आले की मला कळवा. तिन्ही घाण्यांचे आकडेही पाठवा, मी ते मनापासून वाचीन.